प्रमाण हात

पडद्यापलीकडे फिजिओथेरपीवाल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन नंबरला टिचकीचा अंगठा आहे, मेण तापलंय का बघ गं," आणि मानेवर गरम पिशवी घेऊन पालथा पडलेला मी तसाच पडून राहिलो. त्या टेबलाला तोंडासाठी एक भोक असतं. त्यातून खालची फरशी दिसते, फरशीचा एक उडालेला टवका दिसतो, आणि कुणी जवळून गेलं तर त्याच्या पायातले बूट. गेले तीन आठवडे त्या टवक्याशी माझी चांगलीच ओळख झाली होती. आता त्याच्यावरून टाचेशी झिजलेले, तपकिरी, बायकी बूट दोन नंबरच्या खाटेकडे गेले. टिचकीचा अंगठा. शब्द अगदी सहज आला होता, फ्रोझन शोल्डर किंवा टाचेचं हाड म्हणावं तसा. मदतनीस मुलीनेही कसला अंगठा म्हणून विचारलं नाही. म्हणजे तो त्यांच्या रोजच्या बोलण्यातला होता, आणि मला मात्र सत्तावन्नाव्या वर्षी, पालथं पडून, पहिल्यांदा ऐकायला मिळत होता.

टिचकी माझी आहे. म्हणजे मी बनवलेली. आमच्या कारखान्यात बसच्या आणि मोटारींच्या सीट तयार होतात. सीटचं कापड खालच्या तारेच्या सांगाड्यावर ओढून धरायचं, जागोजाग एक लोखंडी कडी घालायची आणि ती दाबून मिटवायची, की कापड तारेला कायमचं जखडलं. एका सीटला बेचाळीस कड्या. पूर्वी बायका एकेक कडी चिमटीत उचलून साध्या पकडीच्या तोंडात ठेवायच्या. कडीची टोकं अणकुचीदार असतात. तेव्हा सीट-विभागातली एकही बाई अशी नव्हती की जिच्या बोटांच्या शेंड्यांना चिकटपट्ट्या नाहीत. ते बघून मला वाईट वाटलं होतं, हे मी खोटं सांगत नाही. सात महिने डोकं खपवून मी अशी पकड बनवली, की तिच्या पाठीवरच्या नळीत शंभर कड्या एकदम भराव्यात आणि मूठ दाबत सुटावं. एक कडी मिटली की स्प्रिंग मूठ उघडते आणि उघडता उघडता पुढची कडी तोंडात येऊन बसते. बोटांचा कडीशी संबंधच उरत नाही. कागदोपत्री तिचं नाव 'स्वयंचलित कडी-जोडणी पकड, नमुना तीन'. दाबल्यावर टिच् असा आवाज होतो म्हणून बायकांनी आठवड्याच्या आत तिला टिचकी करून टाकलं. मला त्या नावाचं इतकं कौतुक, की पाहुण्यांना कारखाना दाखवायची वेळ आली की मी ते मुद्दाम सांगायचो. चिकटपट्ट्या गेल्या. तेवीस वर्षांत मी बरीच हत्यारं बनवली, त्यातली अर्धी कपाटात पडून आहेत, पण टिचकीने माझं नाव केलं.

पिशवी गार झाल्यावर मला मानेला ताण देण्याच्या खुर्चीत बसवण्यात आलं. हनुवटीखाली पट्टा, डोक्यावर कप्पी, दोरीच्या दुसऱ्या टोकाला वजन. पहिल्याच दिवशी मी त्या कप्पीतली चूक काढली होती, दोरी एका अंगाला घासते म्हणून, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "काका, तुम्ही मान तेवढी सरळ ठेवा." शेजारच्या स्टुलावर तपकिरी बूटवाली बाई येऊन बसली. वय पन्नाशी ओलांडलेलं, कामावरचा निळा अ‍ॅप्रन पिशवीत कोंबलेला, उजवा हात शेकण्यासाठी मनगटापर्यंत वितळलेल्या मेणाच्या भांड्यात. मान वळवता येत नसल्यामुळे मला ती डोळ्यांच्या कोपऱ्यातूनच दिसत होती. आमच्याकडे तीनशे बायका आहेत आणि त्यातल्या पाच-सहांच्या पलीकडे मी कुणाला तोंडाने ओळखत नाही. ड्रॉइंग सेक्शन वरच्या मजल्यावर, सीट-विभाग आवाराच्या दुसऱ्या टोकाला. "तुमचं मानेचं का?" तिने विचारलं. मी "हं" केलं. मग मी, बांधलेल्या जबड्यातून जमेल तसं, विचारलं, "टिचकी म्हणजे काय हो?"

का विचारलं? अजूनही मला नीट सांगता येणार नाही. चोरानेच चोरी कुठे झाली म्हणून विचारावं तशातला प्रकार. कदाचित मला वाटलं, ती दुसऱ्याच कसल्या टिचकीबद्दल बोलेल, निदान दुसऱ्या कारखान्याबद्दल, आणि मी सुटेन. ती म्हणाली, "हत्यार असतं आमच्या कामावर. सीटला कड्या मारायचं." डावा हात उचलून ती दाखवायला लागली, मग म्हणाली, "डाव्याने नाही कळायचं," आणि उजवा हात भांड्यातून बाहेर काढला. मेण हातावर पांढरं गोठत गेलं. "ही चार बोटं खालच्या दांड्यात अडकवायची. वरच्या दांड्यावर अंगठा काही पोचत नाही. मग काय करायचं, हत्यार असं मांडीवर दाबायचं, म्हणजे दांडा थोडा खाली येतो. तेवढ्यात अंगठा टाकायचा त्याच्यावर. आणि मग सोडायचा नाही. सुटला की पुन्हा पहिल्यापासून. तेवढा वेळ कुठे असतो?" "दाबायला जड असेल," मी म्हणालो. "दाबायचं काही नाही हो. उघडताना लागतं. स्प्रिंग असते ना, ती अंगठ्याला घेऊन वर जाते. प्रत्येक वेळी." तिने मूठ मिटली आणि उघडली. अंगठ्याच्या बेचक्यात मेण तडकलं, आणि अंगठा अर्ध्यावर थबकून मग कट्कन पुढे गेला. तो आवाज मला ऐकू आला. डॉक्टरीणबाईंनी आतून ओरडून हात भांड्यात ठेवायला सांगितलं. बाईने तो शहाण्यासारखा ठेवला, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "कळलं का?" मला मान हलवता येत नव्हती. मी "हं" म्हणालो.

एका सीटला बेचाळीस, एका पाळीत साठ सीट. दोन हजार पाचशे वीस. रस्त्याने चालत घरी जाताना मी हा गुणाकार तीन वेळा केला, जणू एखाद्या वेळी उत्तर वेगळं येईल. दाबायला किती जोर लागतो हे मी तेव्हा काट्यावर मोजलं होतं, चौदा वेळा, वहीत सरासरी काढून. उघडताना काय होतं हे मोजायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. उघडण्याचं काम स्प्रिंग करते, माणूस नाही, असं माझं म्हणणं होतं, आणि त्याच्यावर मी खूश होतो. रस्त्यावर दुकानं उघडी होती. एक माणूस दुकानाचं शटर दोन्ही हातांनी ओढत होता. एक बाई मुलाच्या कोटाची चेन वर घेत होती आणि ती अडकल्यावर तिने दातांनी धरली. सायकलचं कुलूप, छत्रीचा खटका, औषधाच्या बाटलीचं झाकण, जिकडे बघावं तिकडे लोक कुणीतरी बनवलेल्या वस्तूशी झटत होते आणि बनवणाऱ्याला शिव्यासुद्धा देत नव्हते. त्यांना वाटत होतं, आपलाच हात वाईट. मी थकलो होतो. मान दुखत होती आणि बसने जायला काही हरकत नव्हती, पण बसमध्ये सीट असतात.

माझे हात मोठे आहेत. लहानपणी आई म्हणायची, हे हात तुला चुकून मिळालेत, कुणा पैलवानाचे इकडे आले. अंगाने मी काटकुळा, आणि हात असे फावड्यासारखे. वीत पसरली तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत दोनशे बावीस मिलिमीटर भरते. हे मला पाठ आहे, कारण ते छापलेलं आहे. टिचकीच्या वेळी मुठीचं अंतर किती ठेवायचं हा प्रश्न आला, तेव्हा मी एका सकाळी ट्रेसिंग पेपरवर माझा उजवा हात ठेवला आणि पेन्सिल त्याच्या कडेकडेने फिरवली. दुसरा कुठला हात ठेवणार? टेबलावर तोच होता. तेव्हाचे साहेब खूश झाले. त्या कागदाची नीट शाई भरून प्रत काढली, त्याला क्रमांक दिला, आराखडा अकरा, आणि वर लिहिलं, 'प्रमाण हात'. पुढे कुणीही नवीन हत्यार काढायला घेतलं, कात्री असो, पाना असो, कापड ताणायचा आकडा असो, की तो कपाटातून आराखडा अकरा काढायचा आणि त्याच्यावर दांडा बेतायचा. तेवीस वर्षं आमच्या कारखान्याचा हात म्हणजे माझा हात. सेक्शनमधली मुलं थट्टा करायची, आज प्रमाण हाताला चहा नको का, प्रमाण हात आज उशिरा आला. मीही हसायचो. खरं तर मला गुदगुल्या व्हायच्या. माणसाचं चित्र भिंतीवर लागतं, नाव पाटीवर लागतं. माझा हात कपाटात लागला होता, आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. ज्या तीनशे जणी ती हत्यारं वापरतात त्यांच्यातल्या एकीचाही हात त्या कागदावर कधी कुणी ठेवून बघितला नाही. आम्ही सगळे हुशार होतो. केसाइतकी फट आम्हाला नुसत्या नजरेने कळते.

आणि समजलं नव्हतं असंही म्हणता येत नाही, तीच मुख्य पंचाईत आहे. टिचकीचा लाकडी नमुना मी घरी घेऊन आलो होतो. तेव्हा आमचं जेवणाचं टेबल आत्ताचंच होतं, फक्त त्याचा पाय डुगडुगत नव्हता. बायकोच्या हातात नमुना देऊन मी म्हटलं, दाब बघू. तिने दोन-तीनदा दाबला आणि म्हणाली, "छान आहे. माझ्या हाताला मोठा होतोय." मी म्हटलं, "सवय होईल." हे मला टिच् या आवाजासारखं स्वच्छ आठवतं. मग कारखान्यात पहिल्या आठवड्यात सीट-विभागाच्या मुकादमाने जिना चढून येऊन सांगितलं, बायका म्हणतात मूठ मोठी पडते, आणि मी कागदावरून मान वर न करता म्हणालो, सवय होईल. दोनदा सांगितलं गेलं होतं. मूठ लहान करता आली असती का? आली असती. पण मग कडी पुढे सरकायला आत जागा उरत नव्हती, नळीचा कोन बदलायला लागला असता, म्हणजे आणखी दोन-तीन महिने, आणि सात महिन्यांनी माझ्यात तेवढा दम राहिला नव्हता. चाचणीच्या अहवालात मी लिहिलं, 'वापरणाऱ्यांची तक्रार नाही.' चाचणी केली होती मी आणि त्या मुकादमाने. त्याचेही हात दणदणीत होते.

घरी पोचलो तर बायको इस्त्री करत होती. मी बूट काढून तिच्यासमोरच्या खुर्चीत बसलो. ती म्हणाली, "मान काय म्हणते?" मी म्हटलं, "ती पकड आठवते का तुला, मी लाकडाची करून आणली होती? तू म्हणाली होतीस, माझ्या हाताला मोठी होते." तिने कॉलर उलटी करून दाबली. "कधी?" "तेवीस वर्षं झाली." "अहो, मी काल काय म्हणाले ते मला आज आठवत नाही." माझ्या छातीवरचं काहीतरी हललं. साक्षीदार एकच, आणि तीही विसरलेली. मुकादम तर जाऊनच सहा वर्षं झाली. म्हणजे हे आता फक्त माझ्या डोक्यात होतं, आणि माझं डोकं काही कुणी उघडून बघणार नव्हतं. पाच महिन्यांनी मी निवृत्त होणार. "असं म्हणाले होते का मी?" तिने विचारलं. "मग तुम्ही काय म्हणालात?" मी सांगितलं. ती हसली. "हां, ते म्हणाला असणार. ते तुम्ही सगळ्यालाच म्हणता. या घराला पाणी वरच्या मजल्यावर चढत नव्हतं तेव्हा म्हणालात. माझी बदली झाली, दोन तासांचा प्रवास होता, तेव्हा म्हणालात. तुमच्या आईच्या बोलण्याचं म्हणालात. ही खुर्चीसुद्धा, पाठीला टोचते म्हटलं तर..." तिने इस्त्री उभी केली. "झाली की सवय. काय झालं पण?" मी म्हटलं, काही नाही, दवाखान्यात एक बाई भेटली होती. तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, उगाच आरोप करायचा तिचा स्वभाव नाही. म्हणूनच मला उठून आत जावंसं वाटलं, पण मी तिथेच बसून राहिलो आणि ती एकामागून एक शर्ट घड्या करून माझ्या मांडीवर ठेवत गेली. तिचे हात मी बघत होतो. एकतीस वर्षांत त्यांचं माप मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर नवीन आराखडा माझ्या सहीसाठी येऊन पडलेला होता. या कामाचं महिनाभर चाललेलं होतं आणि मला त्याचं फार सुख होतं, तेही सांगून टाकतो. बाहेरच्या तीन कारखान्यांनी टिचकी मागितली होती, चार हजार नग. मुठीसाठी नवीन साचा पाडायचा, साचेवाला माझ्या सहीसाठी थांबलेला. आराखड्याच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, मुठीचे माप: आराखडा अकराप्रमाणे. चार हजार टिचक्या, म्हणजे चार हजार अंगठे. त्यातल्या काहींचे हात मोठे असतील असं मी स्वतःला सांगून बघितलं. पेन काढलं, टोपण काढलं, परत लावलं. मग साहेबांकडे गेलो. साहेब माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, वागायला चांगले, मला उस्ताद म्हणतात. मी म्हटलं, "सही करत नाही. मुठीचं माप चुकलंय. मला दहा दिवस हवेत." ते म्हणाले, "प्रमाण हातावरून घेतलंय ना?" "म्हणून तर." मग मी सगळं सांगितलं, दवाखाना, मेण, अंगठा, फक्त बायकोचं सांगितलं नाही. त्यांनी नीट ऐकून घेतलं, आणि त्यांचा चेहरा उजळलाच. "मग बदला की, उस्ताद! उलट उत्तमच. नमुना चार. नवीन, हलकी, सुधारित पकड. जाता जाता आणखी एक मानाचा तुरा. बदलाच्या अर्जात कारणाच्या जागी 'सुधारणा' लिहा आणि मोकळे व्हा."

अर्ज घेऊन मी खिडकीशी बसलो. सुधारणा. किती सोयीचा शब्द. एका शब्दात मी पुन्हा शहाणा ठरत होतो. टाळ्या वाजल्या असत्या, आणि खाली कुणीतरी आपला अंगठा मेणात बुडवून बसली असती आणि तिला वाटलं असतं, आपलाच अंगठा वाईट. मला वीरश्री वगैरे काही आली नव्हती. उलट इतका शीण आला होता, की तो सोयीचा शब्द लिहायलाही जोर लागला असता. जे झालं ते लिहिणं सोपं होतं, कारण ते जुळवावं लागत नव्हतं. मी लिहिलं: 'नमुना तीनची मूठ वापरणाऱ्यांच्या हाताला मोठी आहे. हे पहिल्या आठवड्यातच सांगण्यात आलं होतं. मी लक्ष दिलं नाही. उघडताना उजव्या अंगठ्याला इजा होते.' खाली सही केली. साहेबांनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी त्यांनी उठून दार लावलं. "हे असं लिहिलंत तर आत्ता चालू असलेल्या टिचक्यांचं काय? उद्या तीनशे बायका वर येतील." मी म्हटलं, "यायला पाहिजेत." "उस्ताद, पाच महिने राहिलेत तुमचे. निरोपाच्या दिवशी मी टिचकीवरच बोलणार होतो." "बोला की." ते हसले नाहीत. कागद त्यांनी फाडला नाही, परत दिला नाही, उलटा करून पेपरवेटखाली ठेवला. "मापं तर घेऊन या," ते म्हणाले, "मग बघू." आमच्याकडे बघू हा शब्द दोन-दोन वर्षं पुरतो. पण आराखड्यावरची सही माझी होती, ती दिल्याशिवाय साचा पडणार नव्हता, आणि अर्जाची प्रत मी आधीच काढून खिशात घातली होती.

पट्टी, पेन्सिल आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन मी आवार ओलांडलं. सीट-विभागात शिरलो की आवाज अंगावर येतो. मला तो नेहमी पावती मिळाल्यासारखा वाटायचा, टिच् टिच् टिच्, शंभर हातांतून. आज मी दारात उभा राहून नुसतं बघितलं. प्रत्येकीने टिचकी मांडीला किंवा बाकाच्या कडेला लावलेली होती. एकजण पोटाला लावून दाबत होती. एकीने वरच्या दांड्याला चिंध्या गुंडाळून अंगठ्यासाठी खोबण केली होती. सगळ्यांनी आपापली युक्ती काढली होती. माझ्या हत्यारात राहिलेलं काम त्या रोज अडीच हजार वेळा पुरं करत होत्या, आणि हे बघायला मला आवार ओलांडून फक्त दोनशे पावलं, पाहुण्यांशिवाय एकदा, यायचं होतं. मुकादमबाईंना मी सांगितलं, हातांची मापं हवीत. त्यांनी एकेकीला बाकावरून उठवून पाठवायला सुरुवात केली. "काय काका, अंगठ्या करताय का सगळ्यांना?" पहिलीने विचारलं आणि बाकीच्या हसल्या. "माझं बोट जाडं आहे हो, सोनं जास्त लागेल." मी कागदावर हात ठेवायला सांगायचो, कडेने पेन्सिल फिरवायचो, वीत मोजायचो. एकशे शहात्तर. एकशे एक्याऐंशी. एकशे एकोणऐंशी. पेन्सिल बोटांच्या मधून जाताना काहीजणींना गुदगुल्या होत होत्या. अठरा झाल्या आणि एकशे नव्वदच्या वर कुणी गेली नाही. उजव्या हाताचा अंगठा बऱ्याच जणींचा कागदावर सपाट टेकत नव्हता, तो खालून जरा उचललेला राहायचा आणि पेन्सिल त्याच्याखाली घुसायची.

एकोणिसावी आली ती तपकिरी बुटात होती. अंगठ्याला आज पट्टी बांधलेली. मी खाली मान घालून नवा कागद काढला. ती म्हणाली, "मान बरी आहे का?" मी म्हटलं, "बरी आहे." मग मला ते सहन होईना. "ही टिचकी मी बनवली आहे," मी म्हणालो. "दवाखान्यात तुम्हाला सांगायला हवं होतं." "माहितेय की," ती म्हणाली. "तिथे पट्टा लावून टांगलेले होतात तरी ओळखलं मी. पाहुणे घेऊन येता ना तुम्ही इथे. माझ्याच बाकाशी उभं राहून सांगता, हिचं नाव टिचकी कसं पडलं ते." "मग बोलला का नाहीत?" "तुम्हीच विचारलंत, टिचकी म्हणजे काय. म्हटलं, ज्याने बनवली त्यालाच माहीत नाही, तर नीट दाखवावं." ती हे चिडून म्हणाली नाही. चूक झाली म्हणायचं तर तिच्यामागे आणखी सातजणी उभ्या होत्या आणि पाळी चालू होती. तरी मी म्हणालो. "चूक झाली माझी. तुमच्यातल्या बायकांनी तेव्हाच सांगितलं होतं." ती म्हणाली, "त्या गेल्या आता सगळ्या काम सोडून," आणि डावा हात कागदावर ठेवला. "आधी हा घ्या. हा चांगला आहे."

डावा एकशे त्र्याऐंशी भरला. मग तिने उजव्याची पट्टी दातांनी सोडली आणि हात पसरला. चार बोटं गेली, अंगठा थोडा गेला आणि थांबला. डाव्या हाताने ती तो ढकलायला लागली, तेव्हा मी म्हणालो, "ढकलू नका, जेवढा येतो तेवढाच हवा." पेन्सिल फिरवून झाल्यावर मी पट्टी लावली. "किती?" तिने विचारलं. "एकशे चोपन्न." "म्हणजे किती गेला?" मी पट्टीवर नख ठेवून तेवढी जागा तिला दाखवली, एकोणतीस मिलिमीटर. ती वाकून बघत राहिली. "एवढासाच होय," ती म्हणाली. "मला वाटलं, अर्धा गेला." मग तिने दोन्ही हात त्या कागदावर शेजारी शेजारी ठेवले, आणि पाठीमागच्या बायकाही पुढे होऊन बघायला लागल्या. "नवीन बनवणार ना तुम्ही? मग ती कुठल्या हाताची बनवणार? या की या?"

डाव्याच्या, चांगल्या हाताच्या मापाची बनवणं सोपं होतं. डाव्याची मूठ मी महिन्याभरात बसवली असती. उजव्याची, आखडलेल्या अंगठ्याला पोचेल अशी, म्हणजे नळी, स्प्रिंग, तोंड, सगळं मोडून पहिल्यापासून, आणि माझ्याकडे पाच महिने होते, दुखरी मान होती, आणि पेपरवेटखाली एक कागद होता.

"उजव्याची," मी म्हणालो.

तिने पट्टी परत गुंडाळली, एक टोक दातांत धरून. "लवकर करा मग," ती म्हणाली. "माझी अजून सहा वर्षं आहेत."